विहीर विणता येते!

विहीर विणता येते! खरंच! लोकरीची विहीर, तळहातावर मावेल एवढी, मधोमध भोक, आत निळं पाणी, आणि ते पाणी चारही कोपऱ्यांतून बाहेर सांडतंय! माझ्या मांडीवर आत्ता ती आहे आणि मी दर दोन ओळींनी लिहिणं थांबवून तिच्याकडे बघतेय!

ज्यांना क्रोशा येतो त्या म्हणतील, अगं, हा तर साधा ग्रॅनी स्क्वेअर. हो, साधाच! सगळ्यात साधा! मी क्रोशातली जाणकार नाही, शिकतेय, आणि शिकवणारी आहे कुंभकोणमच्या मैत्रिणीची सासू. तंजावरी मराठी बोलणाऱ्या या मावशींनी मला सुई कशी धरायची इथपासून दाखवलं. पण साध्या चौकोनात एवढं काही दडलेलं असतं हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

तुम्हीही सुई घ्या. घ्याच! साडेतीन मिलिमीटरची चालेल. गडद निळी लोकर घ्या, चार साखळ्या घाला आणि शेवटची साखळी पहिलीत ओवून गोल बंद करा. झालं विहिरीचं कडं! आता गंमत पाहा. पुढचे टाके साखळीच्या घरात घालायचेच नाहीत, त्या भोकात घालायचे, मोकळ्या जागेत! तीन साखळ्या वर चढा, तो पहिला खांब, म्हणजे उंच टाका, धरायचा, आणि मग भोकातून आणखी दोन खांब काढा, आणि मग दोन साखळ्या, आणि मग पुन्हा तीन खांब, पुन्हा दोन साखळ्या, असे तीन-तीन खांबांचे चार झुबके झाले की टोकाला टोक जोडा आणि हातात बघा. चौकोन! गोल भोकाभोवती चौकोन! कुणी वळवला? त्या दोन-दोन साखळ्यांनी! कोपरा म्हणजे फक्त दोन रिकाम्या साखळ्या!

पुढची फेरी आणखी भारी. प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. पहिल्या फेरीत चार झुबके, दुसरीत आठ, तिसरीत बारा, चौथीत सोळा. चारचा पाढा! वाढ सगळी कोपऱ्यांत होते, बाजू नुसत्या त्यांच्यामागून लांबत जातात. चार फेऱ्यांत एकूण चाळीस झुबके, म्हणजे १२० खांब, आणि सगळे त्या चार साखळ्यांच्या एवढ्याशा कड्यातून निघालेले!

आणि मग मी तिरुविसनल्लूरला गेले, आणि माझं डोकंच फिरलं.

कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवरचं हे गाव. आणि ऐका, हे गाव आपलं आहे! म्हणजे, मराठ्यांच्या तंजावरचं! व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे, कारकीर्द १६८४ ते १७१२, यांनी १६९३ मध्ये हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं आणि गावाचं नाव पडलं शहाजीराजपुरम! तमिळ मुलखात, कावेरीच्या खोऱ्यात, शहाजीराजांच्या नावाचं गाव! रामभद्र दीक्षित इथे राहिले, सदाशिव ब्रह्मेंद्र इथेच शिकले, आणि इथेच राहत होते श्रीधर वेंकटेश, ज्यांना सगळे अय्यावाळ म्हणतात.

या अय्यावाळांची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मी पुढचा टाका घालणार नाही. वडिलांच्या श्राद्धाचा दिवस. स्वयंपाक तयार. दाराशी एक भुकेलेला माणूस आला, गावाच्या लेखी अस्पृश्य, आणि अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला वाढलं! ब्राह्मण जेवायला बसेनात. म्हणाले, प्रायश्चित्त घ्या, गंगेत स्नान करून या. कावेरीकाठच्या माणसाने गंगा कुठून आणायची? त्यांनी गंगेची स्तुती केली, आणि मग, कथा सांगते की, त्यांच्याच घरामागच्या विहिरीतून गंगा उसळून वर आली, आणि मग अंगणात आली, आणि मग रस्त्यांवर आली, आणि मग गावच बुडतंय की काय अशी वेळ आली, आणि मग त्यांनीच विनवल्यावर ती विहिरीत शांत झाली! आजही दरवर्षी कार्तिकै महिन्याच्या अमावास्येला, नोव्हेंबर-डिसेंबरात, त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करायला हजारो लोक येतात.

मी त्या विहिरीपाशी उभी होते आणि मनात खांब मोजत होते! मधे भोक. भोकातून उसळणं. अंगण. रस्ते. शेवटी बांध. अहो, हा ग्रॅनी स्क्वेअरच आहे! चौकोनातून गोष्ट सांगायची तर त्यावर चिन्ह काढायचं, मधे कमळ विणायचं, ओम जोडायचा, असंच मला आधी वाटत होतं. इथे वेगळं काही जोडायलाच नको! चौकोन ज्या क्रमाने वाढतो तो क्रमच गोष्ट सांगतो!

म्हणून रंग असे घेतलेत. कडं आणि पहिली फेरी गडद निळी, खोल पाणी. दुसरी फिकट निळी, काठाला आलेलं पाणी. तिसरी पांढरी, फेस! आणि चौथी गेरूची, कारण इकडे सणाच्या दिवशी पांढऱ्या कोलमभोवती तांबडी कावी ओढतात. आपण गेरूवर रांगोळी काढतो, इथे रांगोळीला गेरूचा काठ!

मधलं भोक हवं तर मिटवताही येतं बरं का. साखळ्यांऐवजी दोऱ्याचाच सैल फास करायचा आणि पहिली फेरी झाली की शेपूट ओढायचं, भोक गायब. फार सफाईदार दिसतं. पण मी ओढणार नाही! विहीर बुजवायची का? भुकेल्याला वाढलं म्हणून जी विहीर भरली ती?

आणि आकडे तर माझा पिच्छाच सोडत नाहीत! गावातल्या शिवयोगीनाथ मंदिरात चार भैरव एका रांगेत आहेत, माझ्या पहिल्या फेरीत चार झुबके. तिथली स्थळकथा म्हणते की आठ शिवयोगी ज्योतिरूपाने शंकरात विलीन झाले, माझ्या दुसऱ्या फेरीत आठ झुबके! याला काही शास्त्र नाही, मला माहीत आहे, पण दुसरी फेरी विणताना मी एकेक योगी मोजतेय आणि टाका चुकत नाहीये! त्याच मंदिराच्या भिंतीवर चोळांच्या काळचं अर्धगोल सूर्यघड्याळ आहे. अर्धा गोल, मधे काटा, बाहेर पसरत जाणाऱ्या रेघा. तेही विणता येईल! पण थांबा, एका वेळी एकच.

या ग्रॅनी स्क्वेअरचा पहिला छापील नमुना, आजवर सापडलेला, १८८५ च्या एप्रिलमधला, अमेरिकेतल्या ‘प्रेअरी फार्मर’ नावाच्या शेतीच्या साप्ताहिकातला. शेतीच्या! उरलीसुरली लोकर वाया जाऊ नये म्हणून तुकड्यातुकड्याने जोडायचा चौकोन. आणि जोडण्याचं म्हणाल तर आपल्या चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ ला मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या मंडळींनी तुकडे जोडून गोधडीएवढी नव्हे, तब्बल ११,१४८.५ चौरस मीटरची क्रोशाची चादर केली आणि गिनीज विक्रम नोंदवला. पावणेतीन एकर! हाताने! सुईने! एकेक टाका कुणीतरी बोटांनी ओढलेला!

मला पावणेतीन एकर नकोय. मला चौसष्ट विहिरी हव्यात, आठ गुणिले आठ, एक पांघरूण. मावशी म्हणतात चौकोन शिवून जोडू नको, शेवटची फेरी विणतानाच शेजारच्याच्या भोकातून सुई घाल. म्हणजे एका विहिरीचा कोपरा दुसरीच्या कोपऱ्यात अडकतो, चार चौकोन एका ठिकाणी भेटतात, तिथे आणखी एक छोटं भोक तयार होतं, आणि मग मला त्या भोकातूनही काहीतरी उसळवावंसं वाटायला लागलंय! पिवळं? झेंडूचं?

गेरूची लोकर मात्र संपत आलीय. मी दुकानात निघालेय, तुमच्यासाठीही एक गुंडा आणते. तोवर तुम्ही चार साखळ्या घालून ठेवा, आणि गोल बंद करायला विसरू नका!