पऱ्हाटीची राख आणि व्हिनेगरची बाटली

धामणगाव बढेत तेव्हा आमच्या घरची चूल पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांवर, पेटायची आणि तिची राख वाया जायची नाही. भांडी घासून उरलेली राख माय घमेल्यात भिजत घालायची. सकाळी वरचं निवळलेलं पाणी बोटांना बुळबुळीत लागे. त्यात गोधड्या, धोतरं उकळली की मळ आपसूक सुटायचा. राखेतला पोटॅशचा क्षार तेलकटपणा कापतो. खाराची ही ओळख आमच्या बुलढाणा जिल्ह्यात फार जुनी. साबण आणि काच करायला लागणारा खार लोणारला मिळतो, अशी नोंद थेट ‘ऐन-ए-अकबरी’त आहे.

लग्नातला शालू मात्र राखेच्या पाण्यात कधी गेला नाही, साबणातही नाही. त्याला रिठा. काळी बी काढायची (ती आम्हा पोरांना खेळायला), टरफलं रात्रभर भिजवायची, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायची. “साबनानं कपडा मरते,” माय म्हणायची. तिचं खरंच होतं. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होऊन धाग्यावर बसतो, रिठ्याचा तसा बसत नाही.

पुढे 1969 साली अहमदाबादेत सुरू झालेली निरमा आमच्यापर्यंत पोचली, नदीवरचं धुणं घरात बोअरच्या पाण्यावर आलं. बोअरच्या पाण्यात चुना, पावडरीत सोडा. दोघांची मिळून पांढरी पूड कपड्यात साचते. टॉवेल पापडासारखा कडक होतो, पांढरा सदरा मळकट दिसतो.

इथेच व्हिनेगर कामाला येतं. गावात ते आधी आलं चायनीजच्या गाडीवर. आता आमच्या मोरीतही बाटली असते. शेवटच्या पाण्यात, बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाकायचं. त्यातलं आम्ल ती पूड विरघळवतं, टॉवेल मऊ होतो, वास वाळता वाळता उडून जातो. पण व्हिनेगरनंच कपडे धुवा असं सांगतात, ते मला पटत नाही. तेलकट मळ काढणं हे खाराचं काम, आंबटाचं नव्हे; आणि दोन्ही एकदम ओतले तर एकमेकांना मारतात. ब्लीचमध्ये तर थेंबही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मशीनमध्येही रोज नको, आतलं रबर खराब होतं.

रेशमी साड्यांना मी अजून रिठाच वापरते. तयार भुकटी घेत नाही. ती कितीही गाळली तरी साडीच्या काठात गाळ अडकतो. अख्खी फळं आणते आणि बी काढायला नातवंडांना बसवते.