सायकलची वाट

मुलांनो, तुम्हांला सायकल चालवता येते ना? मी ती वरवंडला शिकलो. सायकल मोठी, मी लहान. म्हणून दांड्याखालून पाय घालून चालवायचो. कितीदा पडलो, गुडघे फुटले!

१९७५ साली शिकायला पुण्याला गेलो. तेव्हा पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. विद्यार्थी, कामगार, कारकून, सारे सायकलवर. पुढे स्कूटर व मोटारी वाढल्या आणि सायकल मागे पडली.

नेदरलँड्समध्येही असेच झाले होते. १९७१ साली तेथे रस्त्यांवरील अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली. आईवडिलांनी मोर्चे काढले. मग सायकलींसाठी वेगळे रस्ते बांधले गेले.

आमच्या वरवंडवरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. माझी नात सायकल घेऊन तिकडे निघाली, की माझ्या छातीत धडधडते. मी तिला अडवतो आणि मलाच वाईट वाटते. दोष तिचा नाही, सायकलचाही नाही. तिच्यासाठी वाटच ठेवलेली नाही.

मुलांनो, जेथे लहान मूल सायकलवरून एकटे शाळेत जाऊ शकते, तेच गाव खरे पुढारलेले. उद्या तुमच्यापैकी कोणी रस्ते बांधील. तेव्हा सायकलची वाट विसरू नका.