गोधडीचें कापड कोठें घ्यावें?

मार्गशीर्षाची थंडी पडूं लागली म्हणजे घरोघरीं ज्या वस्तूची आठवण होते, ती गोधडी. ब्लँकेटें, रजया आणि दुलया यांनीं हल्लीं कपाटें भरलेलीं असतात. तथापि आजारांतून उठलेल्या माणसास, बाळंतिणीस आणि तान्ह्या मुलास हवेंसें वाटणारें पांघरूण अद्यापि गोधडीचेंच. रजईंत पिंजलेला कापूस भरतात. गोधडींत तो नसतो. कापडावर कापड असे चारपांच थर आणि त्यांस एकत्र धरून ठेवणारा धांवदोरा, एवढाच तिचा संसार. अर्थात् गोधडीचा जो कांहीं गुण, तो सर्व तिच्या कापडाचा गुण होय. म्हणून हें कापड कोठें घ्यावें हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाहीं, आणि यंदा आम्हांस तो सोडविणें भाग पडलें, म्हणून आमचा अनुभव वाचक-भगिनींपुढें ठेवीत आहों.

मागल्या पिढीस हा प्रश्न पडलाच नसता. घरांत नऊवारी लुगडीं होतीं, धोतरें होतीं, पंचे होते, आणि तीं सर्व सुताचीं होतीं. नऊ वार म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर. असें एक जीर्ण लुगडें फाडलें कीं पांच फूट रुंद व सात फूट लांब गोधडीचे जवळ जवळ तीन थर निघत. दोन लुगड्यांत एक गोधडी पुरी होई. पुढें नऊवारी मागें पडून सहावारी आली, व तीहि बहुतेक घरीं सुताची राहिली नाहीं. १९८२ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हां पूर्वीच्या जोमानें चालल्याच नाहींत. जीं जुनीं लुगडीं ट्रंकेंत उरलीं होतीं तीं बोहारणीच्या गांठोड्यांत गेलीं आणि त्यांच्या बदलीं स्टेनलेस स्टीलचीं पातेलीं स्वयंपाकघरांत आलीं. पातेलीं अजून चकचकीत आहेत. गोधड्या मात्र विरून गेल्या.

आमच्या पुतण्याच्या पत्नीचें बाळंतपण माघांत यावयाचें आहे. आमच्या चुलतसासूबाई, ज्यांस घरांतील लहानथोर सर्व ‘थोरल्या काकू’ म्हणतात, त्यांचें वय चौऱ्यायशीं वर्षांचें. दृष्टि अधू झाली आहे. सुईंत दोरा ओवून द्यावा लागतो. परंतु थरांवर थर सुरकुती न पडतां अंथरण्याची आणि कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेनें आंत जाणाऱ्या टांक्यांची हातोटी आमच्या एवढ्या मोठ्या घरांत त्यांच्याखेरीज कोणासच नाहीं. “ही बाळाची, आणि एक सूनबाईची, यानंतर माझ्याच्यानें व्हावयाच्या नाहींत,” असें त्यांनीं दिवाळींतच सांगून टाकलें. ट्रंक उघडली तों आंत कैलासवासी सासूबाईंचें एक इचलकरंजीचें लुगडें आणि दोन पंचे, एवढाच ऐवज निघाला. बाकीचें कापड विकत आणावें लागणार, हें उघड झालें. यावर काकूंचा आक्षेप असा: “नव्या कापडाची शिवलीत तर ती गोधडी कसली? ती चादरींची चळत!” आक्षेप अगदीं खोटा नव्हता. नवें कापड खळीनें ताठ असतें, धुतल्यावर आटतें, आणि त्याचे पांच थर एकत्र केले तर सुई वांकते. तेव्हां नवें असूनहि जुन्यासारखें वागेल असें कापड शोधावयाचें, हा आमच्या खरेदीचा संकल्प ठरला.

प्रथम पुणें. भुयारी मेट्रोचें मंडई स्थानक २०२४ सालीं सुरू झाल्यापासून या भागांत जाण्याची दगदग पुष्कळच कमी झाली आहे. जिना चढून वर आलें कीं महात्मा फुले मंडई, आणि तेथून तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता व रविवार पेठ हीं तिन्ही ठिकाणें पायीं जाण्याजोगीं. पेशवाईंत नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनीं बांधविलेल्या राममंदिराभोंवतीं जो बाजार भरला आहे, तेथें गोधडीचें कापड शोधूं नये. परंतु सुया, अंगुस्तान आणि दोऱ्याचीं रिळें येथेंच घ्यावीं. दोरा मागतांना सुती मागावा. हल्लीं सर्रास मिळणारा पॉलिएस्टरचा दोरा स्वतः तुटत नाहीं हें खरें, पण तो मऊ जुन्या कापडास कापीत जातो. तुटका दोरा पुन्हां घालतां येतो, कापलेलें कापड सांधतां येत नाहीं.

लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या मोठ्या दुकानांत शिरण्याचें कारण नाहीं. त्यांच्या आजूबाजूस ‘मॅचिंग’चीं लहान दुकानें असतात, जेथें पोलक्यांचें कापड, अस्तर आणि साडीचे फॉल मिळतात. तेथील सुती अस्तर गोधडीच्या आंतील थरांस उत्तम. तें पातळ असतें, स्वस्त असतें, आणि शेंकडों रंगांत मिळतें. त्याचा एक दुर्गुण असा कीं तें धुतल्यावर बरेंच आटतें. परंतु आधींच धुवून घेतलें असतां तो दुर्गुण राहत नाहीं. ज्यास ‘टू बाय टू’ म्हणतात तें कापड दिसावयास सुरेख, पण त्यांत पुष्कळदां कृत्रिम धाग्याची भेसळ असते. गोधडीस तें घेण्यापूर्वीं पुढें सांगितलेली परीक्षा अवश्य करावी.

रविवार पेठेंतील कापडगंज हें घाऊक व्यापाराचें ठिकाण. येथें मलमल आणि मांजरपाट यांचे तागेच्या तागे रचलेले असतात. दोनतीन मीटर मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे येथें फारसें लक्ष देत नाहींत, व त्यांत त्यांचा दोषहि नाहीं. एकत्र कुटुंबानें, किंवा बिऱ्हाडकरू व शेजारणी मिळून चार घरांनीं एक तागा घ्यावा आणि घरीं वांटून घ्यावा, हें सर्वांत फायदेशीर. मांजरपाटाची स्वस्ताई पाहून मात्र मोहूं नये. तो गादीच्या अभ्र्यास चांगला. गोधडींत त्याचा एक थर घातला तरी ती जड होते आणि शिवणाराच्या बोटांची दुर्दशा होते.

मलमलींत व छापील सुती कापडांत जी विविधता मुंबईस आहे ती पुण्यास नाहीं. यासाठीं आम्ही व धाकट्या जाऊबाई दख्खनच्या राणीनें मुंबईस गेलों. १९३० सालापासून धांवणारी ही गाडी पुण्याहून सकाळीं निघून बाजार उघडण्याच्या सुमारास छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर पोंचविते. तेथून पायीं क्रॉफर्ड मार्केट गांठावें. १८६९ सालीं पुरी झालेली ही इमारत आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. पुणें व मुंबई येथील दोन्ही प्रमुख मंडयांस एकाच पुरुषाचें नांव आहे हें प्रवाशानें लक्षांत ठेवावें, म्हणजे पत्ता विचारतांना घोंटाळा होत नाहीं. तिच्या जवळच मंगळदास मार्केट आहे. एका छपराखालीं अरुंद गल्ल्या, दोहों बाजूंस उंच बैठकीवर बसलेले दुकानदार, आणि दुकानांच्या कडेस टांगलेलीं कापडें. प्रथम जाणारास गोंधळल्यासारखें होतें. म्हणून पहिली फेरी कांहींएक न घेतां करावी. मलमल कोठें, केंब्रिक कोठें, कटपीस कोठें हें एकदां डोळ्यांखालीं घालून मग दुसऱ्या फेरींत थांबावें. रविवारीं हा बाजार बंद असतो. शेजारचें मुळजी जेठा मार्केट हें मुख्यतः घाऊक घेणारांसाठीं असून, आपल्यासारख्यांनीं तेथें पाहण्याची हौस फेडून घ्यावी इतकेंच.

मंगळदासमध्यें भाव विचारण्यापूर्वीं पन्हा विचारावा, ही गोष्ट आम्हांस तेथील एका वृद्ध गुमास्त्यानें शिकविली. एक कापड मीटरमागें स्वस्त दिसतें, परंतु त्याचा पन्हा छत्तीस इंच असतो. दुसरें महाग दिसतें, पण पन्हा चव्वेचाळीस इंच. वर सांगितलेल्या मापाच्या गोधडीस चव्वेचाळीस इंची कापडाचे सात फुटांचे तीन तुकडे जोडले म्हणजे दोन थर होतात. आटण्याची भर धरून दोन थरांस सात मीटर कापड मागावें. छत्तीस इंची कापडाचे तेवढ्याच कामास चार तुकडे लागतात. हा हिशेब कागदावर लिहून नेला असतां दुकानदाराच्या बोलण्यानें मन डळमळत नाहीं.

आतां परीक्षेविषयीं. शुद्ध सुती म्हणून सांगितलेलें कापड शुद्ध सुती असतेंच असें नाहीं. आम्हीं पांच दुकानांतून बोटभर नमुने मागून घेतले. पांचहि ठिकाणीं सुताची ग्वाही मिळाली होती. रात्रीं गिरगांवांत नातलगांकडे उतरलों असतां प्रत्येक नमुन्याचे दोन धागे उसवून, चिमट्यांत धरून निरांजनाच्या ज्योतीवर धरले. सूत कागदासारखें जळतें, वासहि कागदाचाच येतो, आणि मागें मऊ राख उरते जी बोटानें चुरगळते. कृत्रिम धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो, आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी होतो. पांचांपैकीं दोन नमुन्यांचे मणी झाले. दुसऱ्या दिवशीं उरलेल्या तीन दुकानांतूनच खरेदी केली. याशिवाय दोन परीक्षा दुकानांतच करतां येतात. कापड दोन्ही हातांत चोळून पाहावें. पीठ पडलें तर खळ फार आहे असें समजावें. ओला पांढरा रुमाल छापील भागावर घांसावा. रुमालास रंग लागला तर बाळाच्या गोधडीस तें कापड वर्ज्य.

पुण्यास परत आल्यावर खरी परीक्षा घरीं व्हावयाची होती. काकूंनीं चष्मा काढून ठेवला आणि एकेक कापड हाताच्या पाठीवरून व मग गालावरून फिरवून पाहिलें. मलमल ठेविली, अस्तर ठेविलें; फुलाफुलांचें केंब्रिक, जें आम्हां दोघींस फार आवडलें होतें, तें त्यांनीं बाजूस सारलें. “हें उशीच्या अभ्र्यास घ्या. हें अजून स्वतःच्याच तोऱ्यांत आहे,” असा निकाल दिला. पुढें आठ दिवसांत तीं कापडें चार वेळां साध्या पाण्यांत धुवून, पिळून, उन्हांत वाळवून झालीं. बाळाच्या गोधडीस अंगाकडील थर सासूबाईंच्या लुगड्याचा आणि आंत पंचे व मलमल, असा क्रम ठरला. सूनबाईच्या गोधडीस लुगड्याचा उरलेला भाग वर आणि खालीं नवें कापड. आतां दुपारीं सूनबाई काकूंच्या शेजारीं बसते. काकू बोटांनीं चाचपून ओळ धरतात आणि ती टांका घालते. पहिल्या दिवशींचे टांके काकूंनीं उसवावयास लाविले, दुसऱ्या दिवशींचे राहूं दिले.

शिवतां शिवतां काकू एकदां सहज म्हणाल्या, “अगं, गोधडीचें कापड दुकानांत मिळत नाहीं, अंगावर मिळतें.” या वाक्यानें आमच्या प्रश्नाचें निम्मे उत्तर दिलें. बाजारांतून आणलेलें चांगलें कापड चार धुण्यांत नरम होतें, हें आम्हीं पाहिलें. परंतु दहा वर्षें वापरलेल्या लुगड्याचा मऊपणा त्यास येत नाहीं, हेंहि पाहिलें. तेव्हां गोधडीची खरी खरेदी गोधडी शिवण्याच्या दहा वर्षें आधीं होत असते. रोजच्या वापराची साडी, धोतर किंवा चादर घेतो तेव्हां. इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हांपासून त्या गांवानें महाराष्ट्रास कापड पुरविलें. सुती कापड आजहि दुर्मिळ झालेलें नाहीं. दुर्मिळ झाली आहे ती तें नेसण्याची व जीर्ण होईपर्यंत जपण्याची संवय.

म्हणून आमची सूचना अशी. ज्यांस यंदाच गोधडी शिवावयाची आहे, त्यांनीं प्रथम स्वतःची ट्रंक, मग माहेरची व नातलगांची ट्रंक, आणि जें कमी पडेल तेवढ्यासाठींच बाजार, हा क्रम ठेवावा. अंगाकडचा थर जुना, आंतील नवे. आणि ज्यांस यंदा शिवावयाची नाहीं, त्यांनींहि घरांतील प्रत्येक माणसामागें वर्षांतून एक तरी सुती वस्त्र घ्यावें, तें वापरून विरलें कीं धुवून ट्रंकेंत टाकावें, आणि त्यावर कोणाचें तें चिठ्ठीनें टांचून ठेवावें. आमच्या ट्रंकेंत अशा तीन चिठ्ठ्या आजच लागल्या आहेत. चौथी काकूंच्या घरांत नेसावयाच्या लुगड्यावर लावण्याचें धाकट्या जाऊबाईंनीं सुचविलें, तेव्हां काकू म्हणाल्या, “थांबा जरा. तें मला अजून दोन वर्षें नेसावयाचें आहे.”