शाल, श्रीफळ आणि विनोद

नाटकातल्या विनोदापेक्षा कचेरीतला विनोद लिहायला अवघड. नाट्यगृहातल्या माणसानं स्वखुशीनं तिकीट काढलेलं असतं. नाही आवडलं तर मध्यंतरात उठून तो घरी जातो. निरोप समारंभाला जमलेल्यांना ती सोय नसते. पहिल्या रांगेत निवृत्त होणाऱ्यांची बायको, मुलं, नातवंडं. टेबलावर शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मागे कुठेतरी समोशांचा वास. आणि माईकवर जे बोलत असतात, त्यांच्याकडेच उद्या आपल्या रजेचा अर्ज जायचा असतो. तिथला हशा मोकळा की भिडेचा, हे कसं ओळखायचं?

तरीही या समारंभांतली हसरी भाषणं मला फार मोलाची वाटतात. तीसेक वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाबद्दल चारचौघांत मायेनं बोलायची ती बहुधा एकुलती एक संधी. आपल्याकडे ही माया थेट सांगायला जीभ रेटत नाही. विनोदाचा हात धरून ती सांगता येते.

समजा, हिशेबनीस निवृत्त होताहेत. वक्ता म्हणतो, ‘साहेब इतके चिकट, की पावतीशिवाय त्यांच्या हातून रुपया सुटला नाही.’ मागच्या रांगा हसतात. पुढे बसलेली त्यांची मुलगी मात्र ओढणीचं टोक चाळवत राहते. आता तेच असं लिहून पाहा: ‘साहेब तीन गोष्टी कधीच विसरले नाहीत. आयकराची शेवटची तारीख, लेकीचा वाढदिवस आणि मी २०११ साली न दिलेली रिक्षाची पावती.’ काटेकोरपणा तोच, पण आता मुलगी सगळ्यांत आधी हसेल, कारण यात तिचे बाबा मोठे झाले आणि ओशाळं व्हायचं काम वक्त्यानं स्वतःकडे घेतलं.

या ओळीची बांधणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या दोन गोष्टींनी कानाला एका चालीची सवय लागते, तिसरीला चाल मोडते. दोनच असत्या तर सवय लागलीच नसती. चार झाल्या असत्या तर कान कंटाळले असते. सालही हवंच. ‘कधीतरी न दिलेली पावती’ म्हटलं की ओळ विझते. इतकं जुनं साल नेमकं आठवतं, यातच तर गंमत आहे. आणि ‘पावती’ हा शब्द अगदी शेवटी हवा. मराठी वाक्याला ‘होती’, ‘नव्हती’, ‘असायची’ यांवर टेकायची खोड असते, आणि हसू फुटायच्या क्षणी नेमकं हे क्रियापद आडवं येतं. ते आधीच उरकून घ्यावं. मग थांबावं. ‘बघा, काय ती स्मरणशक्ती!’ असं पुढे जोडलं की सगळं मुसळ केरात.

भरतानं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. विहसित म्हणजे गोड आवाजातलं, वेळेला शोभणारं हसू. त्याच्या पुढचीच पायरी उपहसिताची: नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरकी. कचेरीसाठी लिहिणाऱ्यानं हा भेद मनात पक्का ठेवावा. विहसितापर्यंत पोहोचलो तर काम झालं. नाकपुड्या फुगू लागल्या की खोलीतल्या कुणाला तरी लागलेलं असतं, असं खुशाल समजावं.

लागतं कुठे, तेही ठाऊक असतंच. रंग, वजन, आडनाव, गाव, इंग्रजीचे उच्चार. माणसाला यांतलं काहीही दारात काढून ठेवून आत येता येत नाही. ‘आता घरच्या साहेबांच्या हाताखाली नोकरी’ हे वाक्य तर प्रत्येक निवृत्तीला होतं. एखादी बाई निवृत्त होत असताना ते म्हणून पाहा, जमत नाही. जो विनोद अर्ध्या कचेरीला लागूच पडत नाही, तो कचेरीचा कसा? शिवाय काही गोष्टी कायद्यानंच मिटवल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७ सालची, त्यांवर उभा राहिलेला कायदा २०१३ चा. लैंगिक अर्थाची शेरेबाजी त्यात छळ ठरते आणि दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक कामाच्या जागी तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. ‘अहो, गंमत केली’ हा बचाव पूर्वी चालायचा, तो संपला हे फार चांगलं झालं.

मग उरतं काय? पुष्कळ. कुणाचंच बोट न ओळखणारं हजेरीचं यंत्र, ऐन घाईत कागद गिळणारा प्रिंटर, एसीच्या रिमोटवरून चालणारं शीतयुद्ध, दुसरी बैठक कधी घ्यायची हे ठरवायला घेतलेली पहिली बैठक. हे सगळ्यांच्या वाट्याला येतं, म्हणून त्यावर सगळे सारखेच हसतात. मराठी विनोदाचे दोन लाडके नायक, चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि पु. लं.च्या ‘असा मी असामी’तले धोंडो भिकाजी, दोघेही कारकून, हा योगायोग मला वाटत नाही. त्यांची फजिती वाचणाऱ्या हजारो नोकरदारांना आपलीच फजिती दिसली, आणि हसण्यासाठी कुणाला खाली ओढावं लागलं नाही.

विनोदाची दिशाही पाहावी. वगनाट्यात हवालदार राजाच्या कारभाराची टर उडवतो. राजानं हवालदाराची उडवली असती तर तिला कुणी वग म्हटलं नसतं. खुर्ची जितकी उंच, तितकी विनोदावर बंधनं जास्त, कारण साहेबांच्या विनोदाला सगळे हसतातच आणि तो फसला हे त्यांना कुणी सांगत नाही. साहेबांनी म्हणूनच बोलावं ते स्वतःबद्दल, किंवा त्या प्रिंटरबद्दल.

पुढच्या निरोपाचं भाषण तुमच्याकडे आलं, तर आनंदानं घ्या आणि मनापासून लिहा. लिहून झालं की कचेरीत सर्वांत नव्यानं आलेल्या माणसाला वाचून दाखवा. तो शिपाई असेल, प्रशिक्षणार्थी मुलगी असेल. ऐकताना जिथे ते आधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहून मग हसतील, ती ओळ खोडून टाका.