नगरहून पुण्याला

माळीवाडा स्टँडवरून एस.टी. निघते आणि सुपे, शिरूर, रांजणगाव करीत सव्वाशेएक किलोमीटरवरच्या पुण्यात पोचते. १९४७ सालच्या अहमदनगर कॉलेजात पहिलं वर्ष काढून एखादी लेक म्हणते, "आई, आता फर्ग्युसनला जाते!" आपल्या पोटात गोळा येतो. नगरात काय कमी आहे?

पण मैत्रिणींनो, दोन्ही कॉलेजं पुणे विद्यापीठाशी जोडलेली. त्या विद्यापीठाला २०१४ मध्ये ज्यांचं नाव मिळालं, त्या सावित्रीबाई फुले शिक्षिका व्हायचे धडे घ्यायला पुण्याहून नगरलाच आल्या होत्या! शिकणारीने वाट धरायचीच. आपण एवढंच करावं: दुसऱ्या वर्षाला जागा आहे का, विषय जुळतात का, हे आधी विचारावं. दाखला मग काढावा.