माशासाठी राखलेली खोली

आमची बोट वर्षातले बहुतेक दिवस जमिनीवर असते. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात, गॅरेजची एक अख्खी बाजू अडवून ती ट्रेलरवर बसलेली असते. साडेअठरा फूट लांब, फायबरची, लाल रंगात बारीक चमकी मिसळलेली, मागे दीडशे अश्वशक्तीचं इंजिन. ट्रेलरची पुढची दांडी बिजागरीवर बाजूला दुमडते म्हणून दार कसंबसं लागतं. बाहेर उभी करायला वसाहतीच्या नियमांत मनाई आहे. त्यामुळे बायकोची गाडी उन्हात आणि बोट सावलीत. यावर घरात जे बोललं जातं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

कोकणातल्या होड्या पाहत वाढलेल्या माणसाला ही बोट पहिल्यांदा बोट वाटतच नाही. काठ इतके बुटके की समुद्राची एक बरी लाट आली तर सगळं पाणी आत. पुढे नाळेकडे आणि मागेही सपाट डेक, त्यावर जाजम, जाजमाखाली कप्पेच कप्पे. इथे जाळं ओढायचं नसतं. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा बुडालेल्या झाडाच्या बुंध्याआड दबा धरून बसतो, आणि त्याच्या तोंडापुढून आमिष न्यायचं तर दिवसभर उभं राहून गळ फेकावा लागतो. उभं राहायला जागा आणि आवाज न करता पुढे सरकायची सोय, एवढ्यासाठी ही बोट जन्माला आली. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये होम्स थर्मंड यांनी १९४८ साली 'स्कीटर' बांधली, ती या जातीची पहिली मानतात. वीस वर्षांनी आर्कान्सातल्या फ्लिपिन या लहानशा गावात फॉरेस्ट वुड या मासेमारीच्या वाटाड्याने 'रेंजर' बोटी करायला घेतल्या.

वेग आला तो स्पर्धांमुळे. अलाबामाचे विमाविक्रेते रे स्कॉट यांनी १९६७ साली आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, आणि तिथून हे वेड पसरलं. ठरल्या वेळेला परत येऊन माशांचं वजन द्यायचं म्हटल्यावर जो जागेवर आधी पोहोचेल त्याच्या हाती जास्त वेळ. इंजिनं फुगत गेली. आज मोठ्या बोटींना अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन असतं आणि त्या ताशी शंभर किलोमीटर सहज ओलांडतात. मला या वेगाचं फारसं कौतुक नाही. डोळ्यांतून पाणी येतं आणि टोपी जाते. पण याच स्कॉटनी १९७२ पासून स्पर्धेतले मासे जिवंत परत सोडण्याचा आग्रह धरला. मेलेला मासा आणला की वजनातून दंड कापायचा. मग बोटीच्या पोटात माशासाठी एक खोली निघाली, लाइव्हवेल. माझ्या मते या बोटीत पाहण्यासारखं काही असेल तर ते एवढंच.

मागच्या डेकचं झाकण उचललं की आत गुळगुळीत पांढरी टाकी. एक पंप तळ्यातलं पाणी आत घेतो, दुसरा तेच पाणी फवाऱ्याने फिरवत राहतो, म्हणजे त्यात हवा मिसळते. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये तळ्याचं वरचं पाणी तीस अंशांच्या वर जातं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी टिकतो. अशा वेळी मी घरून पाण्याच्या बाटल्या गोठवून नेतो आणि त्यातली एखादी टाकीत सोडतो. मासा आधी कोपऱ्यात तिरका होऊन राहतो, कल्ले भराभर उघडझाप करतात. मग हळूहळू सरळ होतो, फवाऱ्याकडे तोंड करतो, आणि अंगावरचा फिकट पडलेला काळा पट्टा पुन्हा गडद व्हायला लागतो. त्याला धरायचं ते खालच्या ओठाला, आणि हात आधी ओले करून. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरची बुळबुळीत साय निघून येते, आणि रोगापासून त्याला वाचवते ती तीच. या टाकीवर वाकून बघण्यात माझा किती वेळ जातो हे माझ्याबरोबर येणाऱ्या मित्राला विचारावं.

ऑक्टोबरात, खंडेनवमीच्या आसपास, बोटीची वार्षिक उस्तवार निघते. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा लोटतात. टेक्सासात अशी सक्तीची सुट्टी नाही, म्हणून मुहूर्त आपणच काढायचा. ट्रेलरच्या चाकांना हळदकुंकू लावून झालं की आधी इंजिनाचा पंखा काढतो. नट सोडून तो दांड्यावरून ओढला की मागे बहुतेक वेळा कुणाच्या तरी तुटलेल्या गळाचा तंगूस गुंडाळलेला सापडतो. हा तंगूस दांड्याभोवतीच्या सीलच्या कडेत रुततो आणि रबर कापत जातो. तो टोकदार पकडीने वेढा वेढा करून उलगडायचा. मग गिअरकेसच्या तळाचा स्क्रू सोडायचा आणि पहिला थेंब अंगठा-तर्जनीत घेऊन उन्हात धरायचा. तेल काळपट असलं तरी चालेल, दुधाळ असेल तर आत पाणी शिरलं आहे. डॅलसचा हिवाळा एरवी नावापुरता, पण २०२१ च्या फेब्रुवारीसारखी थंडी पडली तर ते पाणी गोठून फुगतं आणि गिअरकेसला चीर पाडतं. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा कोंडत नाही. बाकीचं भराभर उरकतं: पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, चाकांच्या बेअरिंगांत ग्रीस, पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने टाकीत स्टॅबिलायझर.

नाळेवरच्या विजेच्या मोटरला दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट लागतात. शिशाच्या बॅटऱ्या उचलताना कंबर आठवायची. लिथियमच्या निम्म्याहूनही हलक्या. पायाखालच्या पेडलने ही मोटर चालवायची, आणि बटण दाबलं की ती उपग्रहाच्या खुणेने बोट एका जागी धरून ठेवते, नांगर न टाकता. लेक फोर्क या धरणाच्या तळ्यावर तिची खरी किंमत कळते. १९८० च्या सुमारास धरण भरायला लागलं तेव्हा तिथली बरीच झाडं न तोडताच बुडू दिली. त्यांचे करडे सांगाडे अजून पाण्यातून वर आलेले दिसतात, आणि बास असतो तो त्यांच्याच मुळाशी. राज्यातला सर्वांत मोठा बास १९९२ च्या जानेवारीत इथेच लागला, सव्वाआठ किलोच्या आसपासचा. या तळ्यावर सोळा ते चोवीस इंचांतला बास परत सोडावाच लागतो, तसा कायदा आहे.

मी इतर मासेही सोडतो. आईला फोनवर फोटो दाखवला की ती म्हणते, "अरे, एवढा मासा धरलास आणि सोडलास? मग ती बोट कशाला पोसतोस?" सुरमईच्या तुकडीवर वाढलेल्या घरात या प्रश्नाला उत्तर नाही. तिला पटेल असं एवढंच सांगता येतं, की पुढच्या वर्षी तो आणखी मोठा झालेला असेल.

समोर पोहणारा मासा पडद्यावर जसाच्या तसा दाखवणारं यंत्र २०१८ पासून बाजारात आहे. लोक बोटीच्या निम्म्या किमतीचे पडदे बसवतात आणि दिवसभर पाण्याकडे न बघता त्यांत बघतात. ज्याला स्पर्धेत बक्षीस हवं त्याने जरूर घ्यावं. माझ्याकडे साधा खोली दाखवणारा पडदा आहे, त्यावर बुंधा दिसतो, पुरे.

कुणाला बोट घ्यायचीच असेल तर वापरलेली घ्या. बघायला जाल तेव्हा ट्रेलरचं चाक जॅकवर उचलून फिरवा. घरघर आली तर बेअरिंग गेलं. गिअरतेलाचा थेंब बघायला मागा. जाजमाखालचा डेक टाचेने दाबून बघा, कुठे मऊ लागतो का. शेवटी लाइव्हवेलमध्ये नळाने पाणी भरायला सांगा आणि पंप चालू करून पाच मिनिटं तिथेच उभे राहा. पंप बंद असेल आणि विकणारा म्हणाला, "त्याचं काय एवढं, कधीही बदलता येतो," तर घासाघीस न करता घरी या.