न चाखता केलेले खजूर

गेल्या नाताळात मी ४८ खजूर बेकनच्या पट्ट्यांत गुंडाळले आणि ओव्हनमध्ये भाजले. त्यातला एकही मी चाखला नाही. मी जन्मापासून शाकाहारी. इंदूरच्या आमच्या घरात अंड्यालाही उंबरठ्याच्या आत जागा नव्हती. तरी हे कसं झालं, ते सांगते.

माझा मुलगा कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला राहतो. सून तिकडचीच. दरवर्षी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांच्याकडे पंधरा-वीस माणसं जमतात. त्या दिवशी येणाऱ्यांच्या हातात पहिली बशी जायची ती बेकनमधल्या खजुरांची, आणि ते करायची सुनेची आई. मार्चमध्ये ती गेली. तिच्याशिवायचा हा पहिलाच नाताळ. त्यात दहा दिवस आधी सून अंगणात घसरून पडली आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं.

"या वर्षी ते खजूर राहू देत. बाहेरून काहीतरी मागवू," मुलगा म्हणाला. सून "बरं" म्हणाली. पण फ्रिजवर चुंबकाने लावलेलं एक जुनं कार्ड होतं, त्याच्याकडे बघून म्हणाली. ते "बरं" मला ओळखीचं होतं. आपणही घरात असंच म्हणतो, नको असतं तेव्हा.

मी कार्ड वाचलं. तिच्या आईच्या अक्षरात वरती नाव होतं, "डेव्हिल्स ऑन हॉर्सबॅक", म्हणजे घोड्यावर बसलेले सैतान! खाली "प्रून" हा शब्द खोडून वेगळ्या शाईने "डेट" लिहिलं होतं. सुनेने त्याचा खुलासा केला. तिची आजी इंग्लंडची. तिकडे प्रून, म्हणजे सुकवलेले आलुबुखार, बेकनमध्ये गुंडाळून भाजायची जुनी पद्धत आहे. पूर्वी हा पदार्थ जेवणाच्या शेवटी, गोडानंतर काहीतरी खारट हवं म्हणून द्यायचे. आलुबुखाराऐवजी शिंपल्यातलं ऑयस्टर गुंडाळलं तर त्याला घोड्यावरचे देवदूत म्हणतात. तिची आई कॅलिफोर्नियात आली आणि आलुबुखाराच्या जागी खजूर आले, कारण खजूर इथे घरचेच.

हे मला आदल्याच आठवड्यात कळलं होतं. रिव्हरसाइडहून गाडीने सव्वा तासावर इंडिओ नावाचं गाव आहे, कोचेला खोऱ्यात. वाळवंटच ते, पण मैलोन् मैल खजुराच्या बागा. तिथल्या एका गावाचं नावच मक्का आहे. उंच झाडांना शिड्या लावलेल्या असतात आणि पिकत्या घडांना पाऊस-पाखरांपासून जपायला पिशव्या बांधतात. आपल्याकडेही आता दुकानात दिसतो तो मोठा, मऊ मेडजूल खजूर मूळचा मोरोक्कोचा. १९२७ साली तिथे झाडांना रोग लागला होता, तेव्हा ११ रोपं अमेरिकेत आणली गेली. अमेरिकेतला मेडजूल वाढला तो त्या रोपांपासून. आम्ही त्या बागांतून दोन किलोचा डबा आणला होता. खजूर तयार होते, बेकन फ्रीजरमध्ये होतं, कार्ड समोर होतं. नव्हता तो फक्त चालता उजवा हात.

त्या रात्री मला झोप लागेना, आणि आठवल्या त्या माझ्या सासूबाई.

सासूबाई सोवळ्याच्या. पण माझ्या धाकट्या दिरांना क्षय झाला तेव्हा डॉक्टरांनी रोज दोन अंडी सांगितली. घरात गहजब झाला. सासूबाईंनी वाद घातला नाही. मागच्या अंगणात वातीचा स्टोव्ह मांडला, एक जर्मनचं पातेलं वेगळं काढलं आणि सात महिने रोज सकाळी स्वतः अंडी उकडली, सोलली, मीठ-मिरपूड घातली आणि मुलाला भरवली. मग अंघोळ करून देवपूजेला बसल्या. स्वतः कधी अंडं खाल्लं नाही. "मी खात नाही हा माझा नेम. त्याला उपाशी ठेवणं हा कसला नेम?" इतकंच म्हणायच्या.

माझ्या सुनेला काही आजार नव्हता. खजूर नसते तर ती उपाशी राहिली नसती. पण तिला कसली भूक लागली होती, ते मला दिसत होतं. सकाळी चहा पिताना मी म्हटलं, "तू सांग, मी करते."

ती बघतच राहिली. "आई, तुम्हाला त्याला हात लावावा लागेल."

"हातमोजे आहेत ना घरात?"

बेकन म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डुकराचं मांस मिठात मुरवून, बहुतेकदा धुरी देऊन त्याच्या पातळ पट्ट्या कापतात. अमेरिकेत ते पोटाकडचं असतं, त्यामुळे त्यात चरबी भरपूर. खरं सांगते, पाकीट उघडलं तेव्हा मी दोन पावलं मागे गेले. मग हातमोजे चढवले आणि खिडकी उघडली.

२३ तारखेला आम्ही रंगीत तालीम केली, १२ खजुरांची. खजुराला उभी चीर द्यायची, बी काढायची, तिथे एक भाजलेला बदाम बसवायचा आणि खजूर मिटवायचा. हे काम सुनेने डाव्या हाताने केलं. बेकन गुंडाळून टूथपिक टोचायचं काम माझं. टूथपिक आधी अर्धा तास पाण्यात भिजत घातल्या होत्या, नाहीतर ओव्हनमध्ये त्या जळतात. ट्रेला फॉइल, त्यावर जाळी, जाळीवर खजूर. पट्टीचं टोक खाली दबलं पाहिजे, म्हणजे सुटत नाही. चरबी वितळून खाली ट्रेमध्ये पडते आणि खजूर त्यात भिजत नाहीत.

कार्डावर लिहिलं होतं, ओव्हन ४००. मला वाटलं, बाईंचा हात घसरला असेल. माझ्या इंदूरच्या ओव्हनचा आकडा २५०च्या पुढे जातच नाही आणि केक मी १८०वर करते. मी आपला शहाणपणा करून २०० लावला, कुणाला न विचारता.

पंचवीस मिनिटांनी बघते तर बेकन पांढरंफटक. नुसता घाम आल्यासारखं. सून उठून आली, ओव्हनचा आकडा पाहिला आणि हसायलाच लागली. "आई, हे फॅरनहाइट आहे!" फॅरनहाइटमधले २०० म्हणजे आपले जेमतेम ९३. आणि ४०० म्हणजे आपले साधारण २०४. माझा आकडा तसा बरोबरच होता, फक्त ओव्हनला माझी भाषा येत नव्हती. मार्चनंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. लगेच ओव्हन ४००वर नेला आणि ट्रे आत ठेवला.

दुसरी चूक चाखल्यावर कळली. चाखणार अर्थात ती. एक खजूर तिने गार होऊ दिला, घाई केली तर आतली साखर जीभ भाजते. मग खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी.

"वरून छान आहे. आत बेकन नरम राहिलंय. आणि खूप खारट."

मी एकेका खजुराला पूर्ण पट्टी गुंडाळली होती. आपला हात सढळ, पुरण भरताना हात आखडता घ्यायचा नसतो ना! पण इथे दोन थर झाले की आतला थर कुरकुरीत होत नाही आणि मीठही दुप्पट होतं. कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं, खजूर ४८, पट्ट्या २४. म्हणजे एका खजुराला अर्धी पट्टी, टोकावर टोक बोटभरच चढेल इतकी. दोन्ही चुका मी केल्या त्या कार्डावर विश्वास न ठेवल्यामुळे. सुनेच्या आईने सगळं नीट लिहून ठेवलं होतं.

या पदार्थात गोड-खारटाचं नवल मला वाटलं नाही. शिऱ्यात, पुरणात आपण चिमूटभर मीठ घालतोच. मीठ कडवटपणा दाबतं, त्यामुळे गोड जास्त गोड लागतं. पेरूला तिखट-मीठ लावणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. प्रश्न वेगळाच होता. जे मी तोंडात घालणार नाही, ते झालं की नाही हे मी ओळखणार कसं?

उत्तर मला दुसऱ्या दिवशी ओव्हनसमोर उभं राहिल्यावर मिळालं. अगं, मी तर आयुष्यभर हेच करत आले! नैवेद्याचा स्वयंपाक आपण चाखतो का? गणपतीच्या मोदकांचं सारण, गौरीच्या सोळा भाज्या, सगळं अंदाजाने. मीठ हाताला कळतं, फोडणी नाकाला. ही तुलना कुणाला खटकेल, हे मला ठाऊक आहे. मी नैवेद्य आणि बेकन एका पानात वाढत नाहीये. पण न चाखता मन लावून करायचं कसब माझ्या हातात कुठून आलं, ते तरी खरं सांगायला हवं.

मग मी कान लावला. सुरुवातीला ओव्हनमध्ये चर्र आवाज जोरात होता आणि बेकनवर फेस होता. चकली तळताना तेलातले बुडबुडे कमी झाले की ती झाली, हे आपण चाखून ठरवत नाही. इथेही तसंच. बारा मिनिटांनी खजूर उलटले. पुढच्या दहा मिनिटांत आवाज मंदावला, फेस बसला, कडा तांबूस झाल्या आणि वासातला कच्चेपणा गेला. मी ट्रे बाहेर काढला आणि खजूर कागदावर निथळत ठेवले. सुनेने एक खाल्ला. काही बोलली नाही. डाव्या हाताने दुसरा उचलला.

माझ्यासारख्यांसाठी मी वेगळा डबा केला होता. खजुरात बांधून ठेवलेल्या दह्याचा चक्का, त्यात मीठ, मिरपूड, वर भाजलेला बदाम. हे भाजायचे नाहीत, थंडच द्यायचे. पाहुण्यांत मुलाच्या ऑफिसातलं एक हैदराबादी मुसलमान कुटुंब होतं आणि एक ज्यू शेजारीण. म्हणून दोन पदार्थ दोन वेगळ्या टेबलांवर ठेवले, प्रत्येकाला वेगळा चिमटा आणि पुढे मोठ्या अक्षरात पाटी: "यात डुकराचं मांस आहे", "हे शाकाहारी आहे". पार्टीत कुणालाही विचारायला संकोच वाटता कामा नये. बशी फिरवायचा मोहही टाळला. ज्याला हवं तो उठून घेईल. तुम्ही घरी असं काही ठेवणार असाल, तर एवढं नक्की करा.

त्या संध्याकाळी सुनेचे मामा आले. वयस्कर, अबोल गृहस्थ. बहीण गेल्यानंतर ते पहिल्यांदाच या घरी येत होते. त्यांनी एक खजूर खाल्ला, मग आणखी तीन. जाताना दोन खजूर पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवताना मी त्यांना पाहिलं. कोटाला तेलाचा डाग पडेल, हे माझ्या मनात आलं. पण मी तोंड फिरवून चहाचे कप गोळा करायला लागले.

सगळे गेल्यावर सुनेने फ्रिजवरचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. "आई, तुम्ही पण लिहा काहीतरी." मी ४००च्या पुढे "फॅ." लिहिलं. खाली मराठीत लिहिलं, "अर्धीच पट्टी. काड्या भिजवून." आता त्या कार्डावर तीन शाया आहेत.

मी हातमोजे शेवटपर्यंत काढले नाहीत. काढले असते तर गोष्ट जास्त छान झाली असती, पण तसं घडलं नाही. रात्री अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि शांत झोपले.

परवा फोनवर सून म्हणाली, "या नाताळाला तिकिटं काढू ना? हात बरा आहे आता, पण खजूर तुम्हीच करायचे." मग थांबून म्हणाली, "हातमोज्यांचा नवीन खोका आणून ठेवलाय."